एकाच गल्लीतली दोन घरं, दोन घरपट्ट्या : कॅलिफोर्नियाचं 'प्रपोझिशन १३'

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या भागात गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठी घरं पुष्कळ झाली. तिथे नुकतं घर घेतलेल्या कुणाशीही बोला, कर्जाच्या हप्त्याखालोखाल विषय निघतो तो प्रॉपर्टी टॅक्सचा. घरपट्टी जास्त आहे एवढंच दुखणं असतं तर वेगळी गोष्ट होती. खरं दुखणं शेजारच्या घराचं असतं. बहुतेक काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुठल्याही घराचं बिल दिसतं, आणि मग प्रश्न पडतो, तेवढंच घर, तेवढंच अंगण, तीच शाळा, मग त्यांना इतकं कमी कसं?

आकडे मांडून बघू. समजा, एका कुटुंबाने चाळीस वर्षांपूर्वी दीड लाख डॉलरला घर घेतलं. त्याला लागून असलेलं, त्याच बिल्डरने त्याच नकाशावर बांधलेलं घर मागच्या वर्षी अठरा लाखांना विकलं गेलं. पहिल्या घराची मूळ घरपट्टी साधारण ३,३०० डॉलर येईल, दुसऱ्याची १८,०००. यात कुणाची चूक नाही, कुणी काही लपवलेलं नाही. कायदाच तसा आहे, आणि तो लोकांनी स्वतः मत देऊन केलेला आहे. तारीख ६ जून १९७८, नाव प्रपोझिशन १३.

कॅलिफोर्नियात पुरेशा मतदारांनी सह्या केल्या, तर एखादा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. तो मंजूर झाला की राज्याची घटनासुद्धा बदलते. विधिमंडळाची परवानगी लागत नाही. अशा प्रस्तावाला तिथे प्रपोझिशन म्हणतात. तेरा नंबरचा हा प्रस्ताव समजायचा, तर त्याआधीची दहा-बारा वर्षं बघावी लागतात. लोक उगाच चिडलेले नव्हते.

अमेरिकेत घरपट्टी हा मुख्यतः स्थानिक कर. शाळा, अग्निशमन, पोलीस, वाचनालयं यांचा खर्च बराचसा त्यातून निघतो. १९७८ पूर्वी कॅलिफोर्नियात पद्धत अशी होती : काउंटीचा असेसर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा अधिकारी, तुमच्या घराचा बाजारभाव ठरवायचा. त्याच्या पाव भागावर कर बसायचा. दर मात्र एक नव्हता. काउंटी आपला दर लावणार, शहर आपला, शाळा जिल्हा (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आपला, पाणी-मलनिस्सारणाच्या संस्था आपापला. सगळ्यांची बेरीज करून बाजारभावाशी ताडली, तर राज्यभरात सरासरी तीन टक्क्यांपेक्षा थोडी कमी पडायची. अठरा लाखांच्या घराला तो दर आज लावून बघा, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या पोटात गोळा का आला ते कळेल.

असेसर हे निवडून येणारं पद आहे. १९६० च्या दशकापर्यंत बरेच असेसर घरांची किंमत मुद्दाम कमी धरायचे आणि धंद्यांची जास्त. घरमालक मत देतात, गोदामं देत नाहीत. पण किंमत ठरवणं एका माणसाच्या मर्जीवर असलं की तिथे पैसा फिरतोच. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लाचखोरीचं प्रकरण उघडकीला आलं. कंपन्यांची करआकारणी कमी करून देण्यासाठी पैसे घेतले जात होते. तिथले असेसर रसेल वॉल्डन दोषी ठरले. १९६६ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की यापुढे मर्जी चालणार नाही, घर असो की कारखाना, सगळ्यांची आकारणी बाजारभावाच्या सरसकट २५ टक्के.

सुधारणा प्रामाणिक होती. तिचा परिणाम असा झाला की धंद्यांचा बोजा हलका झाला आणि घरांचा वाढला. 'तो भ्रष्ट असेसर परत आणा' अशा अर्थाचे स्टिकर तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत गाड्यांच्या मागे दिसू लागले होते.

मग १९७० चं दशक आलं. महागाई भडकली आणि कॅलिफोर्नियातल्या घरांचे भाव तिच्याही पुढे धावले. आकारणी आता काटेकोर होती, म्हणून भाव चढला की बिलही चढत होतं. पूर्वी असेसर डोळेझाक करायचा. आता ती सोय गेली होती. कर्ज फेडून झालेलं, पेन्शनवर जगणारं एखादं वयस्क जोडपं डोळ्यांसमोर आणा. घर तेच, त्यात एक वीटही नवी नाही, उत्पन्न ठरलेलं. कागदावर ते श्रीमंत होत होते, पण घर विकल्याशिवाय त्या श्रीमंतीतला एक डॉलर हाती येत नाही. कर मात्र रोख भरावा लागतो. मालमत्ता कराची ही मूळ अडचण आहे आणि ती जगात कुठेही तशीच आहे.

भाव वाढल्यावर स्थानिक संस्था आपले दर कमी करू शकत होत्या. काहींनी थोडेफार केलेही, पण वाढीच्या मानाने ते काहीच नव्हतं. त्यात राज्य सरकारच्या तिजोरीत पाच अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक साठली होती. लोक घर जाईल या भीतीने रात्री जागे, आणि राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, पैसे पडून. विधिमंडळ वर्षानुवर्षं सवलतीचे मसुदे चघळत बसलं. माझ्या मते प्रपोझिशन १३ ची निम्मी जबाबदारी या ढिलाईकडे जाते.

ही संधी हॉवर्ड जार्व्हिस यांनी साधली. निवृत्त उद्योजक, सत्तरी ओलांडलेले, आवाज मोठा आणि चिकाटी त्याहून मोठी. घरपट्टीविरुद्ध ते अनेक वर्षं झगडत होते. लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघटनेशीही त्यांचं नातं होतं. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा. त्यांच्या जोडीला आले दुसरे करविरोधी कार्यकर्ते पॉल गॅन. दोघांनी मिळून बारा लाखांहून जास्त सह्या जमवल्या. गव्हर्नर जेरी ब्राउन विरोधात होते, शिक्षक आणि कामगार संघटना विरोधात होत्या, बऱ्याच मोठ्या कंपन्यासुद्धा विरोधात होत्या. घाबरलेल्या विधिमंडळाने शेवटी एक मवाळ पर्याय त्याच मतपत्रिकेवर ठेवला. तेवढ्यात मे महिन्यात लॉस एंजेलिस काउंटीच्या असेसरने त्या वर्षीचे नवे आकडे मतदानाआधीच जाहीर केले. कित्येक घरांची किंमत एका फटक्यात जवळपास दुप्पट धरलेली होती. त्यानंतर प्रचाराची फारशी गरज उरली नाही. सुमारे ६५ टक्के मतं बाजूने पडली आणि मवाळ पर्याय हरला.

आता प्रस्तावात काय होतं ते बघू. पहिली गोष्ट, दर. सगळ्या स्थानिक संस्थांचा मिळून मूळ कर एक टक्क्याच्या वर जाणार नाही. दुसरी, किंमत. प्रत्येक मालमत्तेची किंमत १९७५ सालच्या आकड्यावर मागे नेली गेली, आणि तिथून पुढे ती महागाईप्रमाणे वाढणार, पण वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही, बाजारात भाव कितीही चढोत. घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं, तरच ती नव्याने बाजारभावाला आणायची. तिसरी गोष्ट फारशी गाजली नाही, पण तिची मुळं खोल गेली. राज्याचा कुठलाही कर वाढवायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे ८० पैकी ५४ आणि ४० पैकी २७. स्थानिक विशेष करांनाही दोन तृतीयांश मतदारांची संमती हवी.

लोक प्रपोझिशन १३ म्हटलं की 'एक टक्का' एवढंच सांगतात. माझ्या दृष्टीने खरा बदल दुसऱ्या कलमात आहे. तोवर कर तुमच्या घराच्या आजच्या किमतीवर होता. त्या दिवसापासून तो तुम्ही घर कधी घेतलं यावर बसू लागला. आपल्याकडे मुंबईत पागडीच्या खोल्यांची भाडी दशकानुदशकं जुन्या आकड्यावर गोठून राहिली आणि त्याच इमारतीत नव्याने आलेल्याला बाजारभाव मोजावा लागला, तसंच काहीसं इथे कराचं झालं. आत असलेल्याला आधार मिळतो, बाहेरून येणाऱ्याला किंमत चुकवावी लागते, आणि जसजसा काळ जातो तसतसं दोघांतलं अंतर रुंदावत जातं.

हे अंतर किती असू शकतं, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यात नोंदलेलं आहे. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बॉल्डविन हिल्स भागात १,७०,००० डॉलरला एक साधं घर घेतलं. त्याआधी त्या भाड्याच्या जागेत राहत होत्या. वर्षाची घरपट्टी आली सुमारे १,७०० डॉलर. आसपासच्या तशाच एका घराचा मालक, ज्याच्याकडे ते १९७५ पासून होतं, ३५८ डॉलर भरत होता. न्यायालयापुढे आणखी एक आकडा आला होता. मॅलिबूच्या समुद्रकिनारी २१ लाख डॉलर किमतीचं घर असलेला एक जुना मालक जेवढा कर भरत होता, जवळपास तेवढाच कर या बाई आपल्या पहिल्यावहिल्या छोट्या घराचा भरत होत्या. कायद्यापुढे सगळे समान, मग हे कसं चालतं, असा त्यांचा सवाल होता.

१९९२ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी त्या हरल्या. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं : लोकांनी एकाच ठिकाणी टिकून राहावं, वस्त्या स्थिर राहाव्यात, असं राज्याला वाटणं गैर नाही. शिवाय नवा मालक घर घेण्याआधी कर किती पडेल ते जाणून असतो, पटलं नाही तर तो घेणार नाही. जुन्या मालकाला ती मुभा नसते, तो आधीच आत अडकलेला असतो. हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, पण तो पोकळही नाही. अनिश्चिततेची भीती खरी असते आणि त्या भीतीवर प्रपोझिशन १३ ने खात्रीचा इलाज दिला. पुढच्या वर्षी बिल किती येईल हे कॅलिफोर्नियातला घरमालक आज सांगू शकतो. ही शांतता छोटी नाही.

माझी तक्रार इलाजाच्या आकाराबद्दल आहे. संकट पेन्शनवरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं होतं, सवलत मात्र सरसकट सगळ्या मालमत्तांना मिळाली. दुसरं घर, भाड्याने दिलेल्या इमारती, कारखाने, मॉल, गोल्फची मैदानं. ज्या कंपन्यांनी प्रस्तावाला विरोध केला त्यांच्याही पदरात मोठा वाटा पडला. माणूस कधी ना कधी घर विकतो किंवा मरतो. कंपनी मरत नाही. कंपनीच्या नावावरची इमारत मालकी बदलल्याशिवाय नव्या भावाला येत नाही, आणि कंपनीच विकली गेली तर तिचा निम्म्याहून जास्त हिस्सा एका हाती गेल्यावरच मालकी बदलली असं धरतात. सांता मोनिकातलं एक मोठं हॉटेल अशाच पद्धतीने विकलं गेलं. मालकी तीन भागांत वाटली, एकाचाही हिस्सा निम्म्यावर नाही. काउंटीने फेरआकारणी केली, पण प्रकरण कोर्टात गेल्यावर काउंटी हरली.

आणि भाडेकरू? कर उतरला की भाडी उतरतील असं प्रचारात सांगितलं गेलं होतं. कर उतरला, भाडी उतरली नाहीत. फसवणुकीच्या त्या रागातून वर्षभरात सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सांता मोनिकात भाडेनियंत्रणाचे कायदे आले. इमारतमालकांच्या संघटनेशी जोडलेल्या माणसाच्या प्रस्तावातून भाडेनियंत्रण जन्माला यावं, हे त्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तिजोरीचं काय झालं, हा भाग जरा शांतपणे समजून घ्यायला हवा. मालमत्ता करातून येणारा पैसा एका वर्षात निम्म्याहून जास्त घटला. शाळांनी उन्हाळी वर्ग बंद केले, वाचनालयांच्या वेळा आखडल्या. राज्याने आपली शिल्लक ओतून स्थानिक संस्थांना सावरलं, म्हणून पहिल्या वर्षी आकाश कोसळलं नाही. पण पैसा आला तिथून हुकूमही आला. पूर्वी प्रत्येक शहर आपला दर ठरवायचं. आता एकच एक टक्का, आणि त्यातला कुणाला किती हे ठरवणार राज्याचा कायदा. १९७९ मध्ये त्याचं सूत्र ठरलं. ते मुख्यतः जुन्या वाट्यांवर बेतलेलं होतं. म्हणजे १९७० च्या दशकात ज्या शहराने काटकसर करून कमी कर लावला होता, त्याचा वाटा कायमचा कमी राहिला. स्थानिक स्वातंत्र्याच्या नावाने सुरू झालेल्या चळवळीने सत्ता उचलून सॅक्रामेंटोला नेली.

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांची घसरणही अनेकजण याच खात्यात टाकतात. ते अर्धवट खरं आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'सेरानो' खटल्यात १९७१ आणि १९७६ मध्ये सांगितलं होतं की श्रीमंत आणि गरीब शाळा जिल्ह्यांतली खर्चाची दरी बुजवा. त्यामुळे स्थानिक घरपट्टी आणि स्थानिक शाळा यांचा संबंध आधीच सैल होत चालला होता. आपल्या करातून आपल्याच मुलांची शाळा चालत नसेल, तर जास्त कर का भरायचा, असा विचार मतदारांनी केला असावा, असं काही अर्थतज्ज्ञ मांडतात. त्यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

शहरांच्या नियोजनावर झालेला परिणाम मात्र रस्त्याने जाताना दिसतो. घरांतून शहराला फारसा कर मिळत नाही, विक्रीकराचा काही भाग मिळतो. मग मोकळ्या जागेवर दोनशे घरं उठवण्यापेक्षा मोटारींची शोरूम किंवा मोठं दुकान आणणं नगर परिषदेला परवडतं. घरं बांधायचीच तर बिल्डरवर भरमसाट शुल्क लावलं जातं. ते शेवटी घराच्या किमतीत जातं. राहिलेला खर्च 'मेलो-रूस' नावाच्या १९८२ च्या कायद्याखाली थेट नव्या वसाहतीच्या बिलात येतो. त्यात जुने मालक जागा सोडत नाहीत. मुलं मोठी होऊन गेली, चार खोल्यांच्या घरात दोघंच उरली, तरी छोट्या घरात जायचं म्हटलं की तिथली घरपट्टी आताच्या चौपट होऊ शकते. पंचावन्न ओलांडलेल्यांना २०२१ पासून यातून वाट मिळाली आहे, ती शेवटी बघू. घरांची टंचाई एकट्या प्रपोझिशन १३ मुळे झाली असं म्हणणं चुकीचं ठरेल, पण तिच्यात याचा हात आहे.

तुमच्या हाती असं बिल आलं तर त्यात काय बघायचं? वरच्या भागात जमीन आणि बांधकाम यांच्या किमती वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. ही 'प्रॉप १३'ची किंमत. बाजारभावाशी तिचा संबंध मुख्यतः खरेदीच्या वर्षी. तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल तर ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला ७० डॉलरची सवलत. तिच्यासाठी एकदा अर्ज करावा लागतो, आणि बरेच नवे लोक तो विसरतात. मग एक टक्क्याची ओळ. खाली शाळांच्या आणि इतर बाँडच्या, म्हणजे कर्जरोख्यांच्या फेडीच्या, ओळी. त्या मतदारांनी मंजूर केलेल्या असतात आणि एक टक्क्याच्या वर लागतात. त्याखाली मेलो-रूस आणि इतर ठरावीक शुल्कं. सगळं धरून बहुतेक ठिकाणी बेरीज सव्वा टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते, नव्या वसाहतीत जास्त. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. घर घेतल्यावर काही महिन्यांनी एक पुरवणी बिल वेगळं येतं. जुन्या मालकाची किंमत आणि तुमची किंमत यांतल्या फरकाचा, वर्षाच्या उरलेल्या भागाचा तो कर असतो. एरवी तुमची घरपट्टी कर्ज देणारी बँक भरत असली, तरी बऱ्याचदा हे बिल बँकेकडे न जाता थेट तुमच्याकडे येतं. पाकीट जाहिरात समजून टाकून देऊ नका.

वेगळा मार्ग होता का? होता. ज्येष्ठांचा कर घर विकेपर्यंत पुढे ढकलायचा आणि विक्रीच्या पैशातून व्याजासकट वसूल करायचा. अशी सोय कॅलिफोर्नियातही आहे, पण मर्यादित. किंवा उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे घरपट्टी गेली तर वरचा भाग राज्याने सोसायचा. अमेरिकेतली अनेक राज्यं काही प्रमाणात हे करतात. दोन्हींत मदत ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत जाते. पण १९७८ मध्ये मतदारांपुढे हे नीट मांडायला कुणी वेळेवर उभं राहिलं नाही.

आता बदल अवघड आहे, कारण सगळं घटनेत कोरलेलं आहे आणि ज्यांना फायदा आहे ते नियमाने मत देतात. २००३ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नरपदासाठी उभे होते तेव्हा त्यांचे सल्लागार वॉरन बफे यांनी स्वतःचीच बिलं दाखवली : नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातल्या पाच लाखांच्या घराला १४,४१० डॉलर, कॅलिफोर्नियाच्या लगूना बीचवरच्या चाळीस लाखांच्या घराला २,२६४. गदारोळ झाला आणि श्वार्झनेगर यांनी तो विषय तिथेच मिटवला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन १५ आलं. घरं आहेत तशी ठेवून फक्त मोठ्या व्यावसायिक मालमत्ता बाजारभावाला आणायच्या होत्या. तेही सुमारे ४८ विरुद्ध ५२ असं थोडक्यात पडलं.

त्याच मतपत्रिकेवरचं प्रपोझिशन १९ मात्र निसटत्या बहुमताने मंजूर झालं, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनी ते नीट समजून घ्यायला हवं. १९८६ पासून आईवडिलांचं घर मुलांना जुन्या किमतीसकट मिळायचं, मग मुलं तिथे राहोत वा ते भाड्याने देवोत. १६ फेब्रुवारी २०२१ पासून ते थांबलं. मुलाने किंवा मुलीने वर्षाच्या आत तिथे राहायला जाऊन तसा अर्ज केला, तरच सवलत, आणि तीही जुन्या किमतीपेक्षा दहा लाखांपर्यंतच. ही मर्यादा दर दोन वर्षांनी थोडी बदलते. सुरुवातीच्या घराचंच उदाहरण घेऊ. दीड लाखावरून वर्षाला दोन टक्क्यांनी वाढत आलेली जुनी किंमत ३,३१,०००, बाजारभाव १८ लाख. दहा लाखांची सूट धरली तर ४,६९,००० वर उरतात, ते जुन्या किमतीत मिळवायचे, नवी किंमत आठ लाख. घरपट्टी ३,३०० वरून ८,००० वर. मुलगी सिएटलला असेल आणि घर भाड्याने देणार असेल, तर सरळ १८,०००. दुसरीकडे पंचावन्न पूर्ण झालेल्यांना आपली जुनी किंमत बरोबर घेऊन राज्यात कुठेही, तीन वेळा घर बदलता येतं. नवं घर महाग असेल तर वरचा फरक तेवढा जोडला जातो. मोठं घर आवरून मुलांच्या जवळ जायचा विचार करणाऱ्यांना ही वाट आता खुली आहे. त्यासाठीचा अर्ज काउंटीच्या असेसरकडे मिळतो आणि नवं घर जुनं विकल्यापासून दोन वर्षांच्या आत घ्यावं लागतं.